डाग न ठेवणारी चिकटपट्टी

बंगळूर शहरातील बसवनगुडी ही नंदीच्या देवळासाठी आणि कार्तिकात भरणाऱ्या शेंगांच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेली जुनी वस्ती. तेथील असो वा आपल्या गावातील असो, मोटार रंगवणारा कारागीर आधी काचांच्या कडेला आणि दिव्यांभोवती कागदी चिकटपट्टी लावतो. काम संपले की ती हलक्या हाताने ओढून काढतो. खाली रंग उखडलेला नसतो, डिंकाचा डागही नसतो. ही साधी वाटणारी सोय रिचर्ड ड्रू या संशोधकाच्या चिकाटीचे फळ आहे.

रिचर्ड गर्ली ड्रू यांचा जन्म २२ जून १८९९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल या शहरी झाला. तरुणपणी ते वाद्यवृंदात बँजो हे तंतुवाद्य वाजवत. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी त्यांनी विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु ते शिक्षण अर्धवट राहिले. तरीही शिकण्याची ओढ संपली नाही. यंत्ररचनेचा अभ्यास त्यांनी टपालाद्वारे चालणाऱ्या अभ्यासक्रमातून केला. पुढे पॉलिशकागद तयार करणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांना साहाय्यकाची नोकरी मिळाली. हीच कंपनी नंतर थ्री एम या नावाने जगभर पोहोचली.

१९२३ च्या सुमारास नवा पॉलिशकागद तपासून घेण्यासाठी ते मोटारी रंगवण्याच्या कारखान्यात जात. त्या काळी दुरंगी मोटारींची आवड वाढली होती. एक रंग वाळला की त्यावर वर्तमानपत्राचे कागद डिंकाने वा औषधी पट्ट्यांनी चिकटवून दुसरा रंग फवारत. कागद काढताना मात्र अनर्थ होई. कोठे पहिल्या रंगाचे पापुद्रे निघत, तर कोठे चिकटा पत्र्यालाच घट्ट धरून बसे. दिवसभराचे श्रम वाया जात आणि कारागीर संतापत. ड्रू यांचा या कामाशी संबंध नव्हता. तरीही घट्ट बसेल आणि सहज निघेल अशी पट्टी तयार करून देण्याचा शब्द त्यांनी दिला.

शब्द देणे सोपे होते, पाळणे अवघड. वनस्पती तेले, राळ, जवसाचे तेल असे अनेक पदार्थ त्यांनी तपासले. अखेर सुताराच्या सरसात ग्लिसरीन मिसळल्यावर तो मऊ राहतो, असे त्यांना आढळले. वरिष्ठांनी हा नाद सोडून मूळ कामाकडे वळण्यास सांगितले. पण त्यांचे प्रयोग चालूच राहिले. यंत्राच्या खरेदीला नकार मिळाला, तेव्हा स्वतःच्या सहीने १०० डॉलरपर्यंत खर्च करण्याचा अधिकार वापरून त्यांनी ९९ डॉलरच्या अनेक मागण्या नोंदवल्या, असे सांगतात.

प्रारंभीच्या एका पट्टीला केवळ कडांनाच डिंक लावलेला होता. ती गळून पडली, तेव्हा एका रंगाऱ्याने कंपनीच्या कंजूषपणाची थट्टा केली. स्कॉटलंडच्या लोकांच्या काटकसरीवरून केलेल्या त्या थट्टेतूनच 'स्कॉच' हे नाव रूढ झाले, अशी कथा आहे. ड्रू मात्र खचले नाहीत. १९२५ मध्ये त्यांची पट्टी सिद्ध झाली. तिचा सुरकुत्यांचा क्रेप कागद ताणला जाई, म्हणून तो मोटारीच्या वळणांवर नीट बसे. १९३० मध्ये त्यांनी पारदर्शक चिकटपट्टीही तयार केली. आर्थिक मंदीच्या त्या दिवसांत फाटलेली पुस्तके आणि मोडक्या वस्तू सांधण्यासाठी ती घरोघरी उपयोगी पडली.

पट्टी कितीही चांगली असली, तरी ती फार दिवस उन्हात राहिल्यास चिकटा पत्र्यावर उरतोच. तो पात्याने खरवडल्यास ओरखडे उठतात, थिनरने रंग विरघळण्याचे भय असते. जाणता कारागीर गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने चिकटा शेकतो, त्यावर तेल लावून काही वेळ थांबतो, मऊ कापडाने पुसतो आणि साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुऊन टाकतो. बसवनगुडीच्या स्वयंपाकघरातले शेंगदाण्याचे तेलही यासाठी पुरते. येथेही घाईपेक्षा धीरच कामी येतो.

१४ डिसेंबर १९८० रोजी ड्रू यांचे निधन झाले. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांच्या नावाचा समावेश झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. दुसऱ्याची अडचण आपली मानण्याची वृत्ती आणि घरी राहून शिकण्याची जिद्द मात्र होती.

शब्दार्थ
सिद्ध होणे – तयार होणे
रूढ होणे – प्रचारात येणे

स्वाध्याय
१. मोटारी रंगवणारे कारागीर का संतापत?
२. ड्रू यांनी शिक्षण कसे चालू ठेवले?
३. तुमच्या कामातील एखादी अडचण आणि तिच्यावरील उपाय पाच-सहा वाक्यांत लिहा.