ध्रुवताऱ्याच्या वाटेने

१८४९ साल उजाडले तेव्हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मेरीलँड या संस्थानात एक गुलाम तरुणी आजारी अवस्थेत आपल्या धन्यासाठी प्रार्थना करीत होती. एडवर्ड ब्रोडेस हे त्या धन्याचे नाव. तिला विकून टाकावे म्हणून तो एकामागून एक गिऱ्हाइके आणून दाखवीत होता. पण खंगलेल्या त्या देहाला कोणीच किंमत देईना. देवाने धन्याचे हृदय पालटावे, त्याला सद्बुद्धी द्यावी, एवढेच तिचे मागणे होते. ही तरुणी म्हणजे हॅरिएट टबमन.

हॅरिएटचा जन्म १८२२ च्या सुमारास मेरीलँडमधील डॉर्चेस्टर परगण्यात झाला. नेमकी तिथी सांगता येत नाही. गुलामांच्या पोरांच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? तिचे मूळ नाव अरमिंटा रॉस. सहाव्या वर्षापासून धनी तिला परक्या घरी मजुरीला देऊ लागला. एका घरी अंगात गोवर असताना तिला थंडगार पाण्यात उतरून पाणउंदरांचे सापळे पाहावे लागले. दुसऱ्या घरी रात्रभर पाळणा हलवायचा आणि बाळ रडले की चाबूक खायचा, असा क्रम होता. त्या माराचे वण जन्मभर तिच्या अंगावर राहिले. पुढे एका दुकानात, पळून जाणाऱ्या गुलामावर मुकादमाने फेकलेले लोखंडी वजन तिच्या कपाळावर आदळले. तेव्हापासून बोलता बोलता तिला मध्येच गाढ झोप लागे आणि नाना दृश्ये दिसत. त्या दृश्यांतून परमेश्वर आपल्याशी बोलतो, अशी तिची श्रद्धा होती.

त्या काळच्या गुलामांना दोन प्रकारच्या बेड्या होत्या. लोखंडाची बेडी डोळ्यांना दिसे; दुसरी दिसत नसे. धन्यांच्या पदरचे धर्मोपदेशक गुलामांना नित्य बजावीत की, धन्याची आज्ञा पाळणे हीच देवाची आज्ञा पाळणे होय आणि पळून जाणे हे पाप आहे. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलाम धर्मोपदेशकाने बंड उभारले. त्यानंतर दक्षिणेत गुलामांच्या प्रार्थनासभांवरही करडा पहारा बसला. कित्येक संस्थानांत गुलामाला अक्षर शिकविणे हा गुन्हा ठरला होता. हॅरिएटला अखेरपर्यंत वाचता आले नाही. परंतु धर्मग्रंथातील कथा तिने आईच्या तोंडून ऐकल्या होत्या. मिसर देशात फेरो राजाच्या दास्यात पिचणाऱ्या ज्यू लोकांचा आक्रोश देवाने ऐकला आणि मोझेसच्या हातून त्यांना बाहेर काढले, ही कथा तिच्या मनात खोल रुजली. उपदेशकांचा देव धन्याच्या बाजूचा होता. या कथेतला देव बांधलेल्यांच्या बाजूचा होता. दोघांपैकी खरा कोणता, हे त्या निरक्षर मुलीला आपल्यापुरते ठरवावे लागले.

तिच्या तीन बहिणी दक्षिणेकडे विकल्या गेल्या, त्या पुन्हा दिसल्या नाहीत. धाकट्या भावालाही विकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा आई रिट हिने त्याला महिनाभर दडवून ठेवले आणि घरात पाऊल टाकणाऱ्याचे डोके फोडीन असे धन्याला ठणकावले. तो सौदा फिसकटला. आईचा तो आवेश हॅरिएट विसरली नाही.

तरीही १८४९ च्या त्या हिवाळ्यात तिने हात जोडून वाट पाहिली. काम करता करता, पाणी भरता भरता, केर काढता काढता ती धन्यासाठी प्रार्थना करी. मार्च उजाडला. आता तिला भावांसह दूर दक्षिणेत धाडणार, अशी कुणकुण लागली. तेव्हा तिचा धीर सुटला. धन्याचे मन पालटणार नसेल तर देवाने त्याला उचलून न्यावे, असे ती मागू लागली. थोड्याच दिवसांत ब्रोडेस खरोखरीच मरण पावला. दुसरी एखादी यात देवाचा न्याय पाहून संतोष पावली असती. हॅरिएटला मात्र पश्चात्तापाने घेरले. ज्याच्यासाठी करुणा भाकली त्याचेच मरण आपण मागितले, हा सल तिला टोचत राहिला. आणि सुटका तर झालीच नाही! कर्ज फेडण्यासाठी गुलाम विकण्याची तयारी आता धन्याच्या विधवेने चालविली.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात ती दोन भावांसह पळाली. भाऊ वाटेत कचरले आणि तिलाही त्यांनी माघारी आणले. काही दिवसांनी ती एकटीच निघाली. दिवसा लपायचे आणि रात्री ध्रुवताऱ्याकडे तोंड करून चालायचे. गुलामांना साहाय्य करणाऱ्या लोकांची एक गुप्त साखळी होती. तिला भूमिगत रेल्वे म्हणत. तिच्यात ना रूळ होते ना गाडी, होती ती केवळ दयाळू माणसांची घरे. सुमारे दीडशे किलोमीटरची वाट काटून हॅरिएट पेनसिल्वेनियाच्या मुक्त भूमीवर पोहोचली, तेव्हा सूर्य उगवत होता. आपण तीच आहोत ना, हे पाहण्यासाठी तिने स्वतःचे हात निरखले. परंतु तेथे तिचे स्वागत करण्यास कोणी नव्हते. तिची सारी माणसे मागेच राहिली होती.

म्हणून ती परत फिरली, एकदा नव्हे, सुमारे तेरा वेळा. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेतूनही पकडून आणता येऊ लागले. मग ती आपल्या लोकांना थेट कॅनडापर्यंत नेऊ लागली. नवऱ्याला आणावयास गेली, तर त्याने दुसरा संसार थाटलेला. ते दुःख गिळून तिने इतरांना सोबत घेतले. लोक तिला मोझेस म्हणू लागले.

१८५४ सालच्या नाताळची गोष्ट. तिच्या तीन भावांची विक्री ठरली होती. हॅरिएट त्यांना घेऊन आईवडिलांच्या झोपडीजवळील कणसांच्या खोपीत लपली. मुले जेवायला येतील म्हणून म्हातारी रिट पुन्हा पुन्हा दाराशी येऊन वाटेकडे पाहत होती आणि मुले फटीतून तिला पाहत होती. तिला हाक मारण्याची सोय नव्हती. तिच्या रडण्याने सारा बेत उघडा पडला असता. वडील बेन रॉस यांनी मात्र डोळ्यांना रुमाल बांधून त्यांना अन्न पोहोचविले आणि तसेच काही अंतर त्यांची सोबत केली. मुले दिसली होती काय, असे कोणी विचारल्यास खोटे बोलावे लागू नये, एवढ्यासाठी! सत्याची चाड दुसऱ्याच्या देहाचा व्यापार करणाऱ्यांना नव्हती. ती या म्हाताऱ्याला होती. १८५७ साली हॅरिएटने त्या दोघांनाही सोडवून नेले.

अशा फेऱ्यांतून सुमारे सत्तर माणसे मुक्त झाली. वाटेत तिने एकही माणूस गमावला नाही. परंतु बहीण रेचल तिच्या हाती लागली नाही. १८६० साली हॅरिएट तिच्यासाठी पोहोचली, तोवर रेचल मरण पावली होती. तिच्या मुलांना सोडविण्यासाठी लागणारे तीस डॉलर हॅरिएटजवळ नव्हते.

यादवी युद्धात तिने परिचारिका आणि हेर म्हणून काम केले. २ जून १८६३ रोजी कॉम्बाही नदीवरील स्वारीत तिने वाट दाखविली आणि सातशेहून अधिक गुलाम एका दिवसात मोकळे झाले. १८६५ मध्ये साऱ्या देशातून गुलामगिरी नष्ट झाली. त्या कामी झटलेल्या अमेरिकन लोकांनाच आपल्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला.

युद्धातील सेवेचा मोबदला मिळविण्यासाठी हॅरिएटला सरकारदरबारी तीसेक वर्षे खेटे घालावे लागले. न्यूयॉर्क संस्थानातील ऑबर्न येथे ती राहत असे. जवळ पैसा नसतानाही दारी आलेल्या निराधारास तिने विन्मुख धाडले नाही. तिच्या खटपटीने १९०८ साली तेथे वृद्धांसाठी आश्रम सुरू झाला. त्याच आश्रमात १० मार्च १९१३ रोजी, भोवती जमलेल्या आप्तमित्रांच्या भजनात सूर मिळवीत तिने देह ठेवला.