मुद्दाम ताप आणून कॅन्सर बरा करू पाहणारा डॉक्टर

ऑक्टोबर १८९१. न्यूयॉर्कमध्ये एका इटालियन पेशंटला सडकून ताप भरला होता. घशात आणि मानेत कॅन्सरची गाठ, हातात फार तर काही आठवडे. आणि हा ताप आपोआप आलेला नव्हता. तो यावा म्हणून विल्यम कोली नावाचे २९ वर्षांचे सर्जन गेले काही महिने त्याला जिवंत जंतू टोचत होते.

आता हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून?

कोलींचा जन्म १८६२ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला. हार्वर्डमधून डॉक्टर होऊन दोनच वर्षं झाली होती, तेव्हा त्यांच्याकडे १७ वर्षांची एक मुलगी आली. हाताच्या हाडाला सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. कोलींनी तिचा हात कोपराखालून कापला, तरी जानेवारी १८९१ मध्ये ती गेली.

कोली हादरले. हॉस्पिटलचे जुने केसपेपर काढून बसले. त्यात एक विचित्र केस सापडली. मानेच्या गाठीची पुन्हा पुन्हा ऑपरेशनं झालेल्या एका जर्मन माणसाला धावरे हा त्वचेचा संसर्ग झाला, प्रचंड ताप आला आणि गाठच विरघळली. कोलींनी गरीब वस्तीतल्या चाळी धुंडाळून त्याला शोधून काढलं. माणूस ठणठणीत होता!

मग सुरू झाला प्रयोग. इटालियन पेशंटवर सुरुवातीचे जंतू फारसे चालले नाहीत. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतले जास्त तीव्र जंतू टोचल्यावर धावरे झालं, गाठ विरली आणि तो पुढे आठ वर्षं जगला. पण नंतरचे दोन पेशंट त्या संसर्गानेच दगावले. आजची कुठलीही एथिक्स कमिटी हा प्रयोग तिथेच थांबवेल.

कोलींनी वाट बदलली. दोन प्रकारचे जंतू मारून त्यांचं मिश्रण बनवलं, तेच कोलीज टॉक्सिन. जानेवारी १८९३ मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या १६ वर्षांच्या मुलाला ते द्यायला सुरुवात केली. डोस थोडा थोडा वाढवत न्यायचा, ताप आला की तो लागू पडला असं समजायचं. मुलगा बरा झाला आणि २६ वर्षांनी हार्ट अटॅकने गेला.

आज फेज १ चाचणीत साधारण हेच होतं. मोजके पेशंट, लहान डोस, तो पायरीपायरीने वाढवायचा आणि शरीराला किती झेपतं ते बघायचं. फरक नोंदींचा. कोलींचं मिश्रण सारखं बदलायचं, कधी ते गाठीत टोचलं जायचं तर कधी दुसरीकडे, कागदपत्रं अर्धवट. इतर डॉक्टरांना तसे रिझल्ट मिळेनात. त्यांच्याच हॉस्पिटलमधले जेम्स ईविंग कट्टर विरोधक होते, त्यांचा भर रेडिएशनवर. ईविंग यांचा विरोध टोकाचा होता, पण पुरावा मागणं चुकीचं नव्हतं.

१९३६ मध्ये कोली गेले. त्यांची मुलगी हेलन डॉक्टर नव्हती, तरी तिने वडिलांच्या शेकडो केसेस जमवल्या आणि १९५३ मध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली. जंतूंमुळे शरीराची प्रतिकारशक्ती चेतवली जाते आणि ती कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडू शकते, हे पुढे हळूहळू स्पष्ट होत गेलं. टीबीची बीसीजी लस आज मूत्राशयाच्या कॅन्सरवर वापरतात, ती याच तत्त्वावर.

आणि कोलींच्या औषधाची रीतसर फेज १ चाचणी? तीही झाली, जर्मनीत, १२ पेशंटवर. तापाचं टार्गेट ठरलेलं होतं, ३८ ते ३९.५ अंश सेल्सिअस. ११ जणांना ताप आला, एकाची गाठ लहान झाली. निष्कर्ष छापून आले २०१२ मध्ये.