लक्ष्मीबाई टिळकांचे घर



घरभेटीला आम्ही येतो तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. दार उघडण्याआधी आतून भांडी सरकवल्याचा आवाज येतो, खेळणी कॉटखाली ढकलली जातात. मग घरची आई ओढणीला हात पुसत दारात येते आणि येशूच्या नावाने नमस्कार करण्याआधी पसाऱ्याबद्दल माफी मागते. मुले लहान आहेत, घर आवरून होत नाही, असे सांगताना तिचे डोळे खाली असतात. मागे एका तरुण मातेने तर घर आवरलेले नाही म्हणून आमची भेटच पुढे ढकलली. घरी दोन लहान मुले, धाकटे तापाने फणफणलेले, आणि तिला काळजी होती ती फादरांना काय दिसेल याची. त्या दिवशी परतताना आम्हाला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली.

लक्ष्मीबाई आपल्या कॅथोलिक सभेच्या नव्हत्या. पण मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या म्हणून मिरवाव्यात अशा त्या होत्या. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावापायी फाशी झाली. त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. विटाळाची भीती मनात अशी बसली की बाजारातून आलेले जिन्नससुद्धा धुतल्याशिवाय घरात घेत नसत. ते घर किती स्वच्छ असेल! पण त्या स्वच्छतेत आईचे हात झिजले आणि मुले धाकात वाढली. लक्ष्मीबाईंनी पाहिलेली ही पहिली व्यवस्था. तिच्यात वस्तू शुद्ध राहत होत्या, माणसे मात्र घाबरलेली होती.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी होते आणि मनाने मोठे होते, पण संसाराच्या बाबतीत अगदी उलटे टोक. आज या गावी तर उद्या त्या गावी. कधी न सांगता घरातून निघून जायचे. हाती आलेला पैसा मागणाऱ्याच्या हातात जायचा आणि घरी डबे रिकामे राहायचे. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख टिळकांनीच करून दिली, हेही सांगितले पाहिजे. दोघांची भांडणे होत आणि समेटही होत. भावी काळात त्यांनी हे सगळे काही न लपवता, स्वतःला हसत लिहिले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला. सुमारे चार-पाच वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्यांची चूल वेगळी, पाणीही वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनीच विचार केला आणि त्यांना पटले की माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केलेला नाही, तो माणसाने केलेला आहे. मग त्यांनी सोवळे सोडले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. माहेरच्या घराची भीती त्या दिवशी त्यांच्या मनातून गेली.

यानंतर राहुरीला आणि अहमदनगरला त्यांनी जे घर चालवले, ते आजच्या भाषेत नीटनेटके म्हणता येईल का, कोण जाणे. पण त्या घरात जागा होती. निराधार मुलांना त्यांनी पोटच्या मुलांबरोबर वाढवले. बालकवी ठोंबरे तरुण वयात या घरी राहिले, ते घरचा मुलगा म्हणूनच. टिळक कुणाला कधी जेवायला घेऊन येतील याचा नेम नसे. पीठ किती आहे, कुणाला ताप आहे, कोण उपाशी आहे, हे सगळे लक्ष्मीबाईंच्या डोक्यात असे. आमच्या मते हीच खरी व्यवस्था. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो की प्रत्येक गोष्ट तिच्या हेतूवरून ओळखावी. मग घराचा हेतू कोणता? घरातल्या माणसाने वाढावे, हाच ना?

१९१७ मध्ये टिळक आपल्या शेजारच्या साताऱ्याला आले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. पेठनाक्यावरून एसटीने जाताना आम्हाला हे दरवेळी आठवते. १९१९ मध्ये मुंबईत टिळक वारले. लक्ष्मीबाई पुढे मुलाच्या संसाराबरोबर काही वर्षे कराचीत राहिल्या. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनी पूर्ण केले. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, तिनेच त्याचे बहुतेक अध्याय लिहिले! त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत निघाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी नाशिकला देह ठेवला.

बंधूंनो, या चरित्रात आपल्यासाठीही एक बोचणारी गोष्ट आहे. टिळकांच्या दातृत्वाचे कौतुक सगळ्यांनी केले, पण ते दातृत्व घरी उभे होते लक्ष्मीबाईंच्या पाठीवर. पुरुषाने मोठ्या मनाने पाहुणा आणायचा आणि ताट बाईने मांडायचे, ही मोठ्या मनाची अर्धीच गोष्ट झाली. घर जर दोघांचे असेल तर पसाराही दोघांचा आहे. आम्ही धर्मगुरूही यातून सुटत नाही. न कळवता घरभेटीला येणारे आम्हीच ना? यापुढे आम्ही आदल्या रविवारी वाडीचे नाव सांगू आणि चहाचा आग्रह कुणी करू नये.

मातांनो, तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. दप्तरासाठी मुलाच्या हाताला पोहोचेल अशी एक खुंटी भिंतीला ठोका. खेळणी गोळा करायला एक पाटी ठेवा आणि ती मुलालाच भरू द्या. वाकडी भरली तरी रागावू नका. रात्रीची भांडी घरधन्याकडे सोपवा. संध्याकाळच्या रोझरीपुरती चटईएवढी जागा मोकळी झाली, की घर आवरले असे समजा. बाकीचे उद्या.

नाझरेथला योसेफच्या सुतारकामाचा भुसा रोज पडत असणार आणि पवित्र मरिया तो रोज झाडत असणार. त्या घरात एक मूल खेळत होते. म्हणून ते घर पवित्र होते.

तेव्हा दार उघडा. खेळणी तशीच राहू द्या.

तुमचे धर्मगुरू