मूळ प्रतीच्या शोधात

परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर एक ठरलेलं दृश्य असतं. कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिच्यावर तुटून पडलेली अख्खी विंग. मागच्या सेमिस्टरला आमच्या हाती आलेल्या प्रतीत एका समीकरणातलं वजा चिन्ह पुसट होत होत गायबच झालं होतं. सगळ्यांनी गणित सोडवलं आणि सगळ्यांचं उत्तर अगदी सारखं चुकलं! मूळ पुस्तक लायब्ररीत होतं. होस्टेलपासून लायब्ररी जेमतेम तीनशे पावलांवर. पण उठून जाणार कोण?

तेव्हा मला शाळेच्या इतिहासातला एक माणूस आठवला. आपल्या जुन्या पुस्तकांत त्याचं नाव ह्युएनत्संग असं येतं, हल्ली युआन श्वांग लिहितात. 'हर्षवर्धनाच्या काळात आलेला चिनी प्रवासी' एवढ्या एका ओळीत आपण त्याला गुंडाळतो. एका मार्काचा प्रश्न, रिकाम्या जागा भरा. पण तो आला कशासाठी? तर पुसट प्रतींना कंटाळून, मूळ पुस्तक बघायला. तेही तीनशे पावलं नाही, हजारो मैल चालून.

युआन श्वांगचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास चीनमध्ये, लुओयांग शहराजवळ झाला. मोठा भाऊ बौद्ध भिक्षू होता, त्याच्यामागोमाग हाही तेराव्या वर्षी मठात दाखल झाला. पुढे राज्य कोसळलं, दंगली आणि दुष्काळ आला. दोघे भाऊ आधी छांगआन आणि मग छंगदूकडे गेले. एवढ्या धामधुमीतही याचं वाचन सुटलं नाही. आणि वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं, की एकाच विषयावर दोन गुरू दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि दोघांच्याही हातात पोथी असते. भारतातले ग्रंथ चीनमध्ये गेले होते ते तुकड्या-तुकड्यांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भाषांतरकारांच्या हातून. काही अर्धवट होते, काही धूसर. खरं काय हे भांडून ठरणार नव्हतं. त्यासाठी मूळ ग्रंथ हवा होता. त्याला विशेषकरून 'योगाचारभूमिशास्त्र' हा ग्रंथ पूर्ण हवा होता, आणि तो शिकवणारे लोक नालंदेत होते.

अडचण एकच. थांग राज्य नवं होतं, सरहद्दीवर तुर्कांची भीती होती, आणि देशाबाहेर जायला बंदी होती. त्याने परवानगी मागितली, ती मिळाली नाही. इ. स. ६२९ च्या सुमारास तो विनापरवाना निघाला. वय सुमारे सत्तावीस. म्हणजे आपल्यातल्या एखाद्या पीएच.डी. करणाऱ्या सिनिअरएवढं!

तो ज्या वाटेने निघाला तिला आपण आज रेशीम मार्ग म्हणतो. हे नाव रूढ केलं ते रिख्तहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने, १८७७ साली. त्या वाटेवरून जाणाऱ्यांना ते माहीतही नव्हतं. ती एक सलग सडक नव्हतीच. वाळवंटातल्या एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंत जाणाऱ्या वाटांचं ते जाळं होतं. पूर्वेकडून रेशीम, खोतानहून जेड, पश्चिमेकडून घोडे आणि काच असा माल हातोहात पुढे सरकायचा. समरकंदकडचे सोग्दियन व्यापारी त्यातले सगळ्यात पटाईत. आणि त्याच तांड्यांबरोबर भिक्षू, पोथ्या, मूर्ती, वाद्यं आणि बातम्याही जायच्या.

युआन श्वांगचा प्रवास नीट पाहिला, तर त्याला पदोपदी कुणीतरी हात दिलेला दिसतो. सरहद्दीवरच्या गावात त्याला पकडायचा हुकूम आला, तर तिथल्या अधिकाऱ्याने तो त्याच्यासमोरच फाडून टाकला. एका म्हाताऱ्या परदेशी माणसाने आपला मरतुकडा तांबूस घोडा त्याला अदलाबदलीत दिला, कारण तो घोडा हामीची वाट पंधरा वेळा चालला होता. वाटाड्या मात्र कच्चा निघाला. नदी ओलांडून दिली, पण रात्री हातात सुरी घेऊन जवळ आला आणि नंतर अर्ध्या वाटेतून परत फिरला. पहिल्या टेहळणी बुरुजापाशी पाणी भरताना युआन श्वांगवर बाण सुटले. पकडला गेला, पण तिथला नायक श्रद्धाळू होता. त्याने त्याला खायला देऊन पुढची वाट दाखवली.

पुढे गोबीचं वाळवंट. तिथे पाण्याची चामडी मशक हातातून निसटली आणि सगळं पाणी वाळूत गेलं. तो मागे फिरला. थोडं अंतर परत आलाही. मग थांबला, आणि पुन्हा पश्चिमेकडे तोंड वळवलं. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी वाट सोडून भलत्याच दिशेला खेचून नेलं ते त्या म्हाताऱ्या घोड्याने. तिथे गवत होतं आणि पाणी होतं. पुस्तकी विद्वानाचा जीव अनुभवी घोड्याने वाचवला! वर्कशॉपमध्ये आपल्याला डायल गेज समजावणारे मामा आठवतात की नाही?

तुर्फानजवळच्या गाओचांगच्या राजाला तो इतका आवडला, की राजाने त्याला सोडायलाच नकार दिला. त्याने अन्नपाणी सोडलं. चौथ्या दिवशी राजा नमला. मग त्यानेच सोनं, रेशीम, तीस घोडे, नोकरचाकर आणि वाटेवरच्या चोवीस राज्यांसाठी चोवीस पत्रं दिली. बदल्यात युआन श्वांगने एक वचन दिलं, परत येताना तीन वर्षं इथे राहीन.

त्या पत्रांच्या आधाराने तो तिएनशान पर्वत ओलांडून गेला. त्या बर्फात त्याच्याबरोबरचे दहातले तीन-चार जण गारठून मेले. पुढे समरकंद, बाल्ख, बामियान. बामियानच्या कड्यात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्तींचं वर्णन त्याने करून ठेवलं आहे. मार्च २००१ मध्ये त्या सुरुंग लावून उडवल्या गेल्या.

काश्मीरमध्ये दोन वर्षं शिकून, गंगेच्या खोऱ्यातून फिरत तो इ. स. ६३७ च्या सुमारास नालंदेला पोहोचला. तिथे दारावरच व्हायवा व्हायची, आणि बाहेरून आलेल्या दहांतले सात-आठ जण तिथूनच परत जायचे. त्याच्या चरित्रात तिथल्या भिक्षूंची संख्या दहा हजार दिली आहे, आणि रोज शंभर ठिकाणी व्याख्यानं. मेसबद्दल ऐकायचंय? शंभर गावांचं उत्पन्न विहाराला दिलेलं होतं. त्याला स्वतःला रोज वीस सुपाऱ्या, वीस जायफळं, कापूर आणि महाशाली नावाचा टपोरा सुवासिक तांदूळ मिळायचा. आमच्या मेसच्या भातावर मी काही बोलत नाही.

नालंदेचे प्रमुख आचार्य शीलभद्र फार वृद्ध होते. त्यांनी त्याला 'योगाचारभूमिशास्त्र' शिकवलं. ज्यासाठी घर सोडलं तो ग्रंथ अखेर समोर होता, मूळ भाषेत, आणि तो जाणणाऱ्या गुरूच्या तोंडून. नालंदेत त्याने सगळी मिळून सुमारे पाच वर्षं काढली.

मधल्या काळात तो दक्षिणेत हिंडला आणि इ. स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातही आला. तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. इथले लोक उंच, साधे, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमान न विसरणारे आहेत, सूड घ्यायचा तर आधी बजावून घेतात, असं त्याने नोंदवलं. हर्षाला हा राजा जिंकता आला नाही, हेही लिहिलं. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं आणि त्याच्या दारातल्या दगडी हत्तींचं वर्णन त्याच्या वृत्तांतात आहे. ते अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात.

इ. स. ६४३ मध्ये तो परत निघाला. सिंधू ओलांडताना लाटांनी होडी हेलकावली आणि पन्नास पोथ्या पाण्यात गेल्या. नकलून आणायला त्याने शेजारच्या प्रदेशात माणसं पाठवली आणि पन्नासेक दिवस तिथेच मुक्काम केला. तरी सगळ्या मिळाल्या नाहीत. खोतानला पोहोचल्यावर त्याने सम्राटाला माफीचं पत्र लिहिलं. पत्र नेलं कुणी? व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर निघालेल्या गाओचांगच्या एका तरुणाने. तोवर गाओचांगचं राज्यच उरलं नव्हतं. इ. स. ६४० मध्ये थांग फौजांनी ते जिंकलं होतं आणि राजा मरण पावला होता. तीन वर्षं राहायचं वचन तसंच राहून गेलं.

माफी मिळाली. इ. स. ६४५ मध्ये तो छांगआनला परतला तेव्हा पोथ्या वाहायला वीस घोडे लागले. ग्रंथांची संख्या ६५७. सम्राटाने मोठं पद देऊ केलं, त्याने नाकारलं. मग पुढची एकोणीस वर्षं त्याने फक्त भाषांतर केलं. सुमारे पंचाहत्तर ग्रंथ, तेराशेपेक्षा जास्त गुंडाळ्या. शेवटी प्रज्ञापारमितेचा प्रचंड ग्रंथ हातात घेतला तेव्हा शिष्य म्हणाले, थोडं गाळून घेऊ. आपल्या भाषेत, फक्त 'इम्पॉर्टंट' करू! त्याच्याही मनात ते आलं होतं. पण ज्या गाळलेल्या ओळींमुळे आपल्याला देश सोडावा लागला, तेच आपण पुढच्यांसाठी करायचं? त्याने सहाशेच्या सहाशे गुंडाळ्या पूर्ण केल्या. इ. स. ६६३ मध्ये काम संपलं आणि ६६४ मध्ये तो गेला.

देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. सम्राटाच्या सांगण्यावरून त्याने लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतमध्ये नेण्याचं काम केलं. त्याच सुमारास साखर करायची रीत शिकायला चीनमधून माणसं मगधाला आली. आणि सगळ्यात मोठी परतफेड तर बाराशे वर्षांनी झाली. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने याच माणसाच्या प्रवासवर्णनातली अंतरं आणि दिशा धरून नालंदेची जागा ओळखली. आपलं हरवलेलं पान त्याच्या नोट्समध्ये सापडलं!

एक गोष्ट सांगायची राहिली. इ. स. ६५२ मध्ये बोधगयेच्या दोन भिक्षूंनी त्याला पत्र आणि सुती कापडाची भेट पाठवली. त्यातल्या एकाला युआन श्वांगने कधीकाळी वादात हरवलं होतं, तरी मैत्री टिकली होती. दोन वर्षांनी त्याने उत्तर लिहिलं. शीलभद्र गेल्याची बातमी त्याला कळली होती, त्याचं दुःख त्यात आहे. आणि पत्रासोबत एक यादी आहे, सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची. जमल्यास पाठवा, अशी विनंती आहे. साडेसहाशे ग्रंथ घरात असताना आणि भाषांतराचा डोंगर समोर असताना, हा माणूस दहा वर्षांनंतरही हरवलेली पानं विसरला नव्हता.

आमच्या त्या गायब वजा चिन्हाची एवढी वर्षं आठवण ठेवायची माझी काही लायकी नाही. पण लायब्ररी बंद व्हायला अजून तासभर आहे, आणि अंतर तीनशेच पावलं आहे. बघतो जाऊन.