खाशाबांची हुकलेली विश्रांती : स्नायूंना ताकद येते कुठून?

शहापूर-मुरबाड भागात पावसाने जोर धरला की भाताची लावणी सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावली की संध्याकाळी मांड्या आणि कंबर भरून येते. आसनगाव स्टेशनचा जिना भराभर चढलात, तर वरच्या पायऱ्यांवर पाय जड होतात, पण दोन मिनिटे थांबलात की पुन्हा चालता येते. त्या दोन मिनिटांत पायांत नेमके काय घडते? हे समजण्यासाठी एका पैलवानाचे आयुष्य पाहू. त्यांचे नाव तुम्ही नक्की ऐकले असेल : खाशाबा जाधव.

गोळेश्वरचा पैलवान

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते आणि पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकले. अंगाने ते लहानखुरे होते. त्यांची खरी ताकद चपळाई, डावपेच आणि दम यांत होती.

तालमीतल्या जोर-बैठकांनी शरीरात काय बदलते? स्नायूंच्या तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. आहेत तेच तंतू जाड होतात, त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि पेशींमधील ऊर्जा तयार करणारी केंद्रे, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढतात. शिवाय कोणता स्नायू केव्हा आणि किती आवळायचा, हे मेंदू आणि नसा शिकतात. रोज शेतात राबणाऱ्या माणसाचे पाय शहरी पाहुण्यापेक्षा उशिरा थकतात, त्याचे कारण हेच.

स्नायू आखडतो कसा?

पैलवानाने पकड घ्यायचे ठरवले की मेंदूकडून नसेमार्फत संदेश निघतो. नस जिथे स्नायूला भेटते तिथे एक रसायन सुटते. त्यामुळे स्नायूच्या पेशीत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते आणि काम सुरू होते.

पेशीत अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक धागे शेजारी शेजारी असतात. विहिरीतून पाण्याची कळशी वर काढताना आपण दोर धरतो, ओढतो, सोडतो आणि पुढे पुन्हा धरतो. मायोसिनची टोके अॅक्टिनला तसेच ओढतात. धाग्यांची लांबी तीच राहते, ते एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखूड होतो. शास्त्रज्ञांनी ही सरकण्याची कल्पना १९५४ मध्ये मांडली.

प्रत्येक ओढीला एटीपी नावाचा एक रेणू खर्च होतो. पकड सोडवण्यासाठीही एटीपीच लागतो. मृत्यूनंतर एटीपी संपतो, पकडी सुटत नाहीत आणि शरीर ताठरते.

साठा लहान, भरणा सतत

एटीपीचा साठा फार लहान असतो. पूर्ण जोर लावला तर तो दोन-तीन सेकंदच पुरेल. त्यामुळे स्नायू तो खर्च होता होताच भरत राहतो. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग फॉस्फोक्रिएटिनचा. हा हाताशी ठेवलेल्या रोख पैशासारखा आहे, लगेच मिळतो, पण जोराच्या कामात साधारण दहा सेकंदांत संपत येतो. फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी यांच्या शोधात आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. सायरस फिस्के यांच्यासोबत हार्वर्डमध्ये त्यांनी १९२७ ते १९२९ या काळात हे काम केले.

दुसरा मार्ग साखरेचा. स्नायूत साठलेली साखर प्राणवायूशिवाय झटपट मोडली जाते. यातून एक-दोन मिनिटे जोर टिकतो, पण पेशीतली आम्लता वाढते आणि स्नायू जड पडू लागतो.

तिसरा मार्ग प्राणवायूचा. साखर आणि चरबी प्राणवायूच्या मदतीने सावकाश जाळली जाते. हा मार्ग संथ आहे, पण तासन्‌तास चालतो. तुम्ही दिवसभर लावणी करता ती याच बळावर.

हेलसिंकीचा दिवस

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. मातीत वाढलेल्या या पैलवानाला मॅटवरच्या कुस्तीची फारशी सवय नव्हती. पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. शेवटच्या टप्प्यात जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मादबेयोव समोर होते. दोन कुस्त्यांमध्ये किमान ३० मिनिटे विश्रांती देण्याचा नियम होता. पण एक लांबलेली, दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या कुस्तीसाठी बोलावले गेले, आणि त्यांची बाजू मांडायला भारताचा कोणी अधिकारी तिथे नव्हता, असे सांगितले जाते. इशीला सुवर्ण, मम्मादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता का, हे कोणीच ठामपणे सांगू शकत नाही. मात्र त्या अर्ध्या तासाची किंमत शरीरशास्त्र सांगू शकते.

थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत फॉस्फोक्रिएटिनचा बराचसा साठा पुन्हा भरतो. आम्लता आणि लॅक्टेट खाली यायला अधिक वेळ लागतो, साधारण अर्धा ते एक तास. स्नायूतली साखर पूर्ण भरायला तर जेवण आणि जवळपास एक दिवस लागतो. थकलेला पैलवान कितीही जिद्दीचा असला, तरी हे रसायन त्याच्या जिद्दीने लवकर उरकत नाही.

तरीही ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस दलात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

तुमच्यासाठी यात काय आहे?

कामाच्या मध्ये दम खाणे हा आळस नव्हे. त्या वेळात तुमचा स्नायू पुढच्या कामाची शिदोरी भरत असतो. म्हणून लावणी, लाकूडफाटा किंवा गड चढताना ठरावीक वेळाने थांबा, पाणी प्या, उपाशीपोटी कामाला जाऊ नका. भाकरी-भातासोबत डाळ, कडधान्ये, अंडी किंवा मासे जेवणात असू द्या. दुसऱ्या दिवशीचे अंगदुखणे लॅक्टेटमुळे नसते. सवय नसलेल्या कामाने तंतूंना बारीक इजा होते आणि ती दोन-चार दिवसांत भरून येते.

उलट बाजूही लक्षात ठेवा. आजारपणानंतर आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यास स्नायू वेगाने बारीक होतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचे. आजी-आजोबांना डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर बसवा, उभे करा, अंगणात चालवा.

पुढील लक्षणे मात्र साधा थकवा समजू नका :

- चढताना किंवा काम करताना छातीवर दाब येतो आणि थांबल्यावर जातो. हृदय हाही स्नायूच आहे आणि त्याला रक्त कमी पडत असू शकते. असे होत असेल तर लवकर तपासून घ्या. दाब थांबूनही जात नसेल तर लगेच रुग्णालय गाठा.
- ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखते आणि थांबल्यावर बरे वाटते. पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या, विशेषतः तंबाखू, विडी किंवा मधुमेह असेल तर.
- खूप कष्टानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. स्नायूंना मोठी इजा झाल्याची ही खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जा.
- अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो किंवा तोंड वाकडे होते. एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठा.
- रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी मिटू लागतात, गिळता येत नाही. मण्यारीचे विष नसेचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही आणि दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सरळ सरकारी रुग्णालयात न्या.

थोडे थांबल्यावर जो थकवा उतरतो, तो शरीराचा रोजचा हिशेब आहे. जो उतरत नाही किंवा दर वेळी थोड्याच कामात परत येतो, तो अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.