लक्ष्मीबाई टिळक

क्षमा करणे किती अवघड असते, हे प्रत्येक घरधनिणीला ठाऊक आहे. म्हणून लक्ष्मीबाईंची आठवण करावीशी वाटते.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे झाला. माहेरी सोवळे फार कडक. अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. शाळा पाहिलीच नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी एकट्यानेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पदरी लहानगा दत्तू, आणि नवरा असून नसल्यासारखा! बाईंनी रडून दिवस काढले. काही वर्षांनी त्या पतीजवळ राहावयास गेल्या, पण चूल आणि पाणी निराळेच ठेवले. राग एका दिवसात जात नाही. हळूहळू सोवळे सुटले, मनातली अढीही सुटली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

कुणाच्या हातचे पाणी न पिणाऱ्या बाई पुढे अनाथ लेकरांना घरात घेऊन न्हाऊमाखू घालू लागल्या. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लिहिण्याचे काम बाईंनी केले. ज्याने रडवले, त्याचेच काम उचलले! 'स्मृतिचित्रे'त तर त्या पतीचे आणि स्वतःचेही वेडेपण हसतहसत सांगतात. १९३६ साली त्या निवर्तल्या.

आपल्या भोकरच्या मंडळातही रुसवेफुगवे होतात. अबोला धरलेल्या बहिणीच्या दारी वर्धापनदिनाआधी आपणच हळदीकुंकू घेऊन जावे. मीही एका दारी जाणार आहे.