येरुशलेमचा यात्रेकरू



संत इग्नेशियस लोयोला म्हटले की आपल्याला येशूसंघ आठवतो, त्यांच्या शाळा-कॉलेजे आठवतात. त्यांनी स्वतः मात्र आत्मकथन सांगताना आपला उल्लेख यात्रेकरू असाच केला आहे.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली आणि या स्पॅनिश सरदारपुत्राला एकच ध्यास लागला. येरुशलेमला जायचे, आणि प्रभू जिथे वावरला तिथेच उरलेले आयुष्य घालवायचे! १५२३ साली ते निघाले. बार्सिलोनाच्या बंदरावर जवळची उरलीसुरली नाणी त्यांनी एका बाकावर ठेवून दिली. रोममध्ये परमगुरुस्वामी सहावे एड्रियन यांची परवानगी घेतली आणि व्हेनिसहून जहाजाने ४ सप्टेंबर रोजी ते पवित्र नगरीत पोहोचले.

तेथील पवित्र स्थळांची व्यवस्था फ्रान्सिस्कन धर्मबंधूंकडे होती. त्यांच्या प्रांताधिकाऱ्यांनी इग्नेशियसला राहण्यास साफ नकार दिला. पूर्वी असेच राहिलेले काही यात्रेकरू मारले गेले होते, तर काहींना पकडल्यामुळे खंडणी भरून सोडवावे लागले होते. इग्नेशियस मरणाला भीत नव्हते, म्हणून ते हटून बसले. तेव्हा प्रांताधिकाऱ्यांनी सांगितले की, न ऐकणाऱ्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्याचा अधिकार पोपमहोदयांनी आम्हाला दिला आहे. ते अधिकारपत्रही दाखवायला ते तयार होते. इग्नेशियसने ते पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी ऐकले.

पण निघण्यापूर्वी ते कुणालाही न सांगता एकटेच जैतून पर्वतावर गेले. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या जागी एक शिळा आहे. तिच्यावर त्याच्या पावलांचे ठसे आहेत, अशी श्रद्धा आहे. पहारेकऱ्यांना आपला चाकू देऊन त्यांनी आत प्रवेश मिळवला व प्रार्थना केली. तेथून ते बेथफगेला गेले. तिथे त्यांच्या लक्षात आले की, उजवे पाऊल कोणत्या दिशेला होते आणि डावे कोणत्या, हे पाहायचेच राहिले! ते पुन्हा डोंगर चढले. या वेळी कात्री द्यावी लागली.

ते ठसे खरे की खोटे, यावर इतिहासकार वाद घालोत. तत्त्वज्ञान शिकताना असल्या प्रश्नावर आम्ही तासन्‌तास बोललो असतो. प्रेम करणाऱ्याला मात्र प्रभूचे तोंड कोणत्या दिशेला होते हेच हवे असते.

इकडे मठात शोधाशोध सुरू झाली होती. मठाच्या नोकराने त्यांना वाटेतच गाठले, काठी उगारून दरडावले आणि दंड धरून परत आणले. त्या सबंध वाटेवर ख्रिस्त आपल्या वर असल्याचा अनुभव त्यांना येत होता.

युरोपात परतल्यावर तेहतिसाव्या वर्षी ते लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसले. १५३४ साली पॅरिसमध्ये त्यांनी सोबत्यांसह येरुशलेमला जाण्याचे व्रत घेतले. जाता आले नाही, तर पोपमहोदय पाठवतील तिथे जायचे, असेही ठरले. १५३७ साली तुर्कांशी युद्ध पेटले आणि व्हेनिसहून यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. मग ते सारे रोमला गेले.

त्या सोबत्यांपैकी फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. इग्नेशियस रोममध्येच राहून हजारो पत्रे लिहीत राहिले. ३१ जुलै १५५६ रोजी तिथेच त्यांचे देहावसान झाले. येरुशलेम त्यांना पुन्हा दिसले नाही.